डावी कळ

‘कळ’ हा आपल्या भाषेतला मोठा खट्याळ शब्द आहे. यंत्राची कळ असते, पोटातली कळ असते, नारदाने लावलेली कळ असते. आणि कळ सोसणे तर मध्यमवर्गीय गृहस्थाच्या पाचवीलाच पुजलेले असते. पंधरा-वीस वर्षे वर्गात हे उदाहरण देऊन मी मुलांना हसवीत आलो आहे. पण यंत्राची कळ आणि हाताची कळ यांची गल्लत आमच्याच घरात, खुद्द माझ्या वडिलांच्या बाबतीत होईल, आणि भाषेच्या या मास्तराला ती कित्येक दिवस उमगणार नाही, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

आमचे घर कशेडीचे. मुंबई-गोवा हमरस्त्याने पोलादपूर मागे टाकले की चढ लागतो, वळणामागून वळण येते, आणि या घाटातच कुठेतरी रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पलीकडे उतरले की खेड. आबांनी या घाटातून बत्तीस वर्षे एस. टी. हाकली. धुके, पाऊस, समोरून येणारे ट्रक, मागे ओकाऱ्या काढणारी पोरे – या सर्वांतून त्यांनी माणसे सुखरूप खाली उतरविली. आता घाटाच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा झाला आहे. २०२३ सालच्या गणपतीच्या तोंडावर त्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली, तेव्हा आबांना आम्ही हौसेने मोटारीत पुढे बसवून नेले. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “हे काय रे? हितं डायवरला कामच नाही!”

पुढच्याच पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. वेळीच दवाखान्यात नेल्यामुळे बोलणे सुधारले, काठी घेऊन अंगणात चालू लागले. पण डावा हात मागे राहिला. कपाची कानशी धरायला गेले की बोटे अर्ध्या वाटेत थांबत. डॉक्टरांनी बोटांचे व्यायाम सांगितले होते. आबा ते दोन दिवस करीत आणि तिसऱ्या दिवशी रबरी चेंडू कोपऱ्यात भिरकावून देत. “मी काय तान्हं पोर आहे?” हा त्यांचा सवाल, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नसे.

उत्तर सापडले ते आमच्या चिरंजिवांना. ठाण्याहून गणपतीला येताना त्याने आपला लॅपटॉप आणला होता. आरती-प्रसाद आटोपल्यावर त्याने तो टीव्हीला जोडला, दोन्ही हातांत धरायचे ते खेळाचे यंत्र – त्याच्या भाषेत ‘कंट्रोलर’ – आबांच्या हातात दिले आणि म्हणाला, “आबा, फक्त दोन कळा. डावी आणि उजवी. चेंडू खाली पडू द्यायचा नाही. बस्स!”

तो खेळ म्हणजे पिनबॉल.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकन खूळ कशेडीत कुठून आले? पण विचार केला तर हे खूळ आपल्याला अगदीच परके नाही. माझ्या पिढीच्या अनेक घरांत मे महिन्याच्या सुटीत माळ्यावरून बॅगेटेलची फळी खाली यायची. तिरकी ठेवलेली फळी, तीवर ठोकलेले खिळे, आकडे लिहिलेले कप्पे, आणि स्प्रिंगच्या दांड्याने वर सोडायच्या लोखंडी गोळ्या. पिनबॉल हे त्याच बॅगेटेलचे अपत्य. १९३१ साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीने ‘बॅफल बॉल’ नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र काढले आणि त्याचा धंदा तेजीत आला. त्या यंत्रात गोळी एकदा सुटली की पुढचे सारे दैवाधीन. म्हणूनच लोक त्याला जुगार म्हणू लागले. न्यूयॉर्क शहराने तर १९४२ साली त्यावर बंदी घातली आणि महापौर ला गार्डिया यांनी ती यंत्रे हातोड्याने फोडून दाखविली.

या दैवाच्या खेळात माणसाच्या हाताला जागा मिळाली ती १९४७ साली. त्या वर्षी गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात ‘फ्लिपर’ आले. फ्लिपर म्हणजे कळ दाबताच झटकन उसळणारी पाती. खाली घरंगळत आलेल्या गोळीला ती पुन्हा वर उडवितात. तरीही न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ साल उजाडावे लागले. रॉजर शार्प नावाच्या एका जाणकाराने नगरसभेच्या सदस्यांपुढे यंत्र खेळून दाखविले. गोळी कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगितले आणि नेमकी तिथून धाडली. हा खेळ हाताचा आहे, निव्वळ नशिबाचा नाही, हे तेव्हा मान्य झाले.

पुढे गोळीही गेली आणि टेबलही गेले. पडद्यावरचा पिनबॉल आला. अटारी कंपनीने १९७९ साली त्याच नावाचे, ‘व्हिडिओ पिनबॉल’ हे यंत्र काढले. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींनी मात्र तो पाहिला तो संगणकावर. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर ‘स्पेस कॅडेट’ नावाचा पिनबॉल फुकट मिळे, आणि साहेब जेवायला गेले की कचेऱ्याकचेऱ्यांतून ‘झेड’ अक्षराची कळ ठकाठक वाजू लागे. डावे पाते त्या कळीवर होते. वाचकांपैकी कुणाच्या जुन्या कीबोर्डावर तेवढे एकच अक्षर पुसट झाले असेल, तर त्याचे कारण मी इथे उघड करीत नाही!

तर आबा खेळू लागले. पहिल्या दिवशी गोळी तीनदा सरळ खाली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा थंड होऊ दिला. तिसऱ्या दिवशी आईने विचारले, “आज देवळात नाही जायचं?” तेव्हा पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “थांब जरा, गाडी उतारावर आहे.” जो हात रबरी चेंडूवर रुसला होता, तो पात्यासाठी आपण होऊन हलू लागला. या खेळाने हात बरा झाला, असा माझा दावा नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पण ‘माझा डावा गेला’ असे जे ते सारखे म्हणत, ते म्हणायचे थांबले, एवढे मी पाहिले. चिरंजीव परत जाताना लॅपटॉप घेऊन गेला, पण कंट्रोलर आणि घरातला एक जुना संगणक आबांसाठी ठेवून गेला.

काही दिवस बरे गेले. मग फोनवर आईचा आवाज उतरू लागला. “हल्ली यांची डावी बाजू चुकते रे. उजवं पातं उडतं, डावं उडतच नाही. दाबतात, पण होत नाही.” आबा स्वतः काही बोलत नव्हते. त्यांनी खेळणे कमी केले, मग सोडलेच. आम्ही सर्वजण मनातल्या मनात एकच गोष्ट समजलो आणि कुणीही ती दुसऱ्याला बोलून दाखविली नाही. मी रजा काढून गेलो आणि आबांना महाडला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हात उलटसुलट तपासला, बोटे दाबायला लावली, आणि सांगितले की हात पूर्वीपेक्षा वाईट नाही. झाला असेल तर थोडा बराच आहे. आम्ही घरी आलो. पण मनातली शंका काही घरी आली नाही, ती वाटेतच कुठेतरी आमच्याबरोबर फिरत राहिली.

दिवाळीच्या सुटीत चिरंजीव आला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, की आबांना खेळाचा आग्रह करू नकोस. आबा ओटीवर बसले होते. कान त्यांचे अजून शाबूत आहेत. त्यांनी हाक मारली, “काय कुजबुजताय? इकडं या दोघं.” मग नातवाच्या हातात कंट्रोलर देऊन म्हणाले, “डावी कळ तू दाब. तीस वेळा. मी मोजतो.”

त्याने धडधाकट अंगठ्याने कळ तीस वेळा दाबली. पडद्यावरचे पाते एकवीस वेळा उडाले.

आबा माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, “डेपोत गाडीची तक्रार आली, की आम्ही तीच गाडी दुसऱ्या डायवरला देऊन बघायचो. तुम्ही सगळ्यांनी डायवरलाच दवाखान्यात नेलंत!”

मला त्या क्षणी जी कळ लागली, ती कोणत्या प्रकारची होती ते शब्दकोशात सापडणार नाही.

मग कंट्रोलर उघडण्याचा समारंभ झाला. आईच्या पुरणाच्या ताटात स्क्रू ओळीने मांडले गेले. ज्या क्रमाने काढायचे त्या क्रमाने ठेवायचे, ही आबांची आज्ञा. आत पाहिले तर रहस्य अगदी साधे निघाले. आमच्या कंट्रोलरच्या प्रत्येक कळीखाली रबराची एक लहानशी वाटी पालथी बसविलेली होती. वाटीच्या आतल्या बाजूला कार्बनचा काळा ठिपका, आणि त्याच्या खाली पट्टीवर एकमेकींत गुंतलेल्या पण एकमेकींना न शिवणाऱ्या दोन कंगव्यांसारख्या रेषा. कळ दाबली की वाटी बसते, काळा ठिपका दोन्ही रेषांना टेकतो, वीज वाहते आणि पाते उडते. बोट उचलले की वाटी पुन्हा फुगते. डाव्या कळीखालचा ठिपका एका कडेला झिजून तुकतुकीत झाला होता, आणि भोवती बोटांचा घाम, तेल आणि आमच्या कोकणच्या पावसाळी दमटपणाने धरलेला मळ होता.

सगळ्यात डावीकडचीच कळ का झिजावी? चिरंजिवाने आजोबांच्या सोयीसाठी डावे पाते अंगठ्याखालच्या अधिक चिन्हासारख्या कळीवर दिले होते. ही चौमुखी कळ निन्टेन्डो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली एका हातातल्या खेळासाठी बसविली, आणि ती दिशा दाखवायला फार नामी आहे. पण पिनबॉलमध्ये तिच्या चारांपैकी एकाच बाहीवर सारा मारा होतो. मिनिटाला वीसच वेळा दाबली असे धरा. तासाला १२०० झाले, आणि रोज तासभर खेळणाऱ्याचे महिन्याला ३६,००० झाले. शिवाय ज्या हाताला आपल्या जोराचा अंदाज राहिलेला नाही, तो गरजेपेक्षा जास्त दाबतो, आणि सरळ न दाबता तिरके दाबतो. वाटी एका कडेवर घासते. ठिपका तिथेच उडतो.

यावर उपाय दोन. पहिला स्वच्छतेचा. कंट्रोलरची वीज तोडून आतले ठिपके आणि रेषा आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजविलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. मळ असेल तर एवढ्याने काम होते. आमच्याकडे चारच दिवस झाले, कारण कार्बनच उडाला होता. तिथे रबराची पट्टीच बदलावी लागते. ती फारशी महाग नसते.

दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा, तो म्हणजे कळच दुसरी निवडणे. खऱ्या पिनबॉल टेबलाच्या कळा कुठे असतात? पेटीच्या दोन्ही कुशींना, बोटे जिथे सहज वळतात तिथे. कंट्रोलरवर त्यांची जागा घेणाऱ्या कळा आहेत त्या खांद्यावरच्या. त्या पहिल्याने आल्या १९९० सालच्या जपानी ‘सुपर फॅमिकॉम’वर, १९९४ साली सोनीच्या प्लेस्टेशनने त्यांच्या दोनाच्या चार केल्या. पुढे काही कंट्रोलरांत खालच्या दोहोंना बंदुकीच्या चापासारखा आकार आला. या दोन प्रकारांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. वरच्या खांद्याच्या कळीखाली बहुधा एक चिमुकले बटण असते. ते थोड्याच दाबाने ‘टक्’ करते आणि पाते तात्काळ उडते. म्हणून तरबेज खेळाडूंना ती आवडते. पण तेच बटण जुने झाले की कधी एका दाबाला दोनदा बोलते, कधी बोलतच नाही. चापाचे तसे नाही. तो स्प्रिंगवर लांब जातो आणि किती आत गेला ते आतला मापक मोजतो. काही चापांत हे मोजमाप लोहचुंबकाने होते. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेला परिणाम त्यामागे आहे, आणि त्यात मोजणारे भाग एकमेकांवर घासतच नाहीत. मात्र चापाचा प्रवास लांब, म्हणून पाते क्षणभर उशिरा उडते.

आबांना आम्ही दोन्ही दिले. तीस-तीस दाबांची परीक्षा झाली. खांद्याची कळ डाव्या तर्जनीला कठीण गेली. ‘टक्’ होईपर्यंत बोट थरथरे. चाप मात्र त्या बोटाने तिसांपैकी तीस वेळा ओढला. शेवटी डावे पाते चापावर आणि उजवे खांद्याच्या कळीवर अशी वाटणी ठरली. चिरंजीव म्हणाला, “आबा, दोन हातांना दोन तऱ्हा विचित्र वाटेल.” आबा म्हणाले, “गाडीत डावा पाय क्लचला, उजवा ब्रेकला. कधी विचित्र वाटलं नाही.” चापाच्या उशिरावरही त्यांनीच तोड काढली. गोळी येताना पाहून चाप अर्धा आत घेऊन ठेवायचा, मग थोडेसेच ओढावे लागते. मी म्हटले, “म्हणजे हाफ क्लच!” तेव्हा मात्र ते रागावले. “हाफ क्लचवर चालवणारा डायवर डेपो बुडवतो. हितं क्लचप्लेट नाही, म्हणून चालतं.”

ज्यांचा हात आणखी अडतो, त्यांच्यासाठीही आता वाटा झाल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली मोठाल्या दोन तबकड्यांचा, आणि बाहेरून हव्या तशा कळा जोडता येतील असा कंट्रोलर काढला. सोनीनेही २०२३ साली आपला तसा कंट्रोलर आणला. पण पुष्कळ घरांत नवी खरेदी न करताही भागेल. खेळाच्या किंवा संगणकाच्या मांडणीत कळा बदलण्याची सोय बहुधा असते. ती उघडून पाहण्याचे कष्ट तेवढे आपण घेत नाही. कळ कारखान्याने ठरविली, आता बोटाने तिला शरण जायचे, अशी आपली समजूत!

आणि कळ कोणतीही असो, ती टिकविण्याचा खरा मंत्र मला आबांच्या खेळण्यात सापडला. नवखा माणूस गोळी जवळ आली की घाबरून दोन्ही कळा एकदम दाबतो, पुन्हा दाबतो, आणि दोन पात्यांमधल्या फटीतून गोळी निसटते. जाणते खेळाडू कित्येकदा कळ दाबतच नाहीत. संथ येणारी गोळी स्थिर पात्यावर आपटू देतात. ती आपोआप उडी मारून दुसऱ्या पात्यावर जाते. किंवा पाते वर धरून तिच्या कुशीत गोळी थांबवितात, दम खातात, नेम धरतात, मग एकदाच सोडतात. आबांना हे कुणी शिकविले नाही. एक दिवस ते आपण होऊनच म्हणाले, “घाटात जो गिअर चढायला, तोच उतरायला. ब्रेकवर उभा राहिला तो गेला. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. भ्यायलेला माणूस गाडी झिजवतो.”

मला वाटते, कंट्रोलरच्या बाबतीतही हेच खरे. खेळाने कळ झिजते त्याहून ती भीतीने जास्त झिजते. आणि हे लिहिताना माझ्या मनात येते, की आमच्या घरातही त्या दिवसांत भीतीनेच अधिक झीज झाली. एका रबरी वाटीतला काळा ठिपका उडाला, आणि आम्ही चार शहाणी माणसे एका म्हाताऱ्या माणसाच्या हाताकडे चोरून पाहत बसलो. माणूस आजारी पडला की त्याच्या भोवतीच्या साऱ्या वस्तू निर्दोष ठरतात! चष्मा धूसर झाला तरी डोळेच गेले, जोडा घसरला तरी पायच गेला. हाताने दगा दिला असे वाटले तर आधी डॉक्टर गाठावा, हे योग्यच. आम्हीही तेच केले. पण त्याच दिवशी ती कळ दुसऱ्याच्या बोटाने तीस वेळा दाबून पाहायला काय हरकत होती? त्याला पैसा लागत नव्हता. फक्त आबांवर जरा जास्त विश्वास लागत होता.

झिजलेली रबरी पट्टी बदलली, कंट्रोलर पुन्हा बंद झाला, एकही स्क्रू ताटात उरला नाही. जुनी पट्टी आबांनी टाकू दिली नाही. ती त्यांच्या बिल्ल्याशेजारी कपाटाच्या खणात आहे.

आम्ही ठाण्याला परतलो. आता रविवारी संध्याकाळी फोन केला की मागे गोळीची टणटण ऐकू येते. आधी आई बोलते, पाऊस-पाणी, भात, गुरे; मग आबा फोन घेतात. मी विचारतो, “डावी कशी आहे?”

“ठीक चाललीय,” ते म्हणतात.

हात की कळ, ते मी विचारीत नाही.